भिंतीतला फेस

दारावर धडाधड थापा पडल्या तेव्हा बंड्या डोक्याला साबण चोळून, डोळे मिटून बसला होता. बाबांनी दार उघडलं आणि घरमालकीणबाई बुटांसकट थेट न्हाणीघरापर्यंत गेल्या. बंड्याने कसाबसा टॉवेल ओढून घेतला. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी बादलीकडे बोट दाखवलं, चोरीचा माल सापडावा तसं.

खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं छत गळत होतं. बाईंच्या मते याचं कारण समोरच दिसत होतं. चांगला शॉवर सोडून जी माणसं बादली आणि तांब्या घेऊन बसतात, ती पाणी उडवणारच, आणि ते खाली झिरपणारच. असल्या फिरस्त्यांना घरात घेतलं हेच आपलं चुकलं, असंही त्यांनी ऐकवलं. "शनिवारपर्यंत खोल्या रिकाम्या करा," त्या म्हणाल्या. मुलांनी त्यांचं नाव 'तोफ' ठेवलं होतं ते उगीच नाही.

बाबा खाली मान घालून म्हणाले, "माफ करा. आमच्यामुळे त्रास झाला."

दाराआड उभ्या असलेल्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माफी? कशाची?

आईचं ऑफिस तिच्या लॅपटॉपमध्ये मावायचं, म्हणून हे कुटुंब वर्षभर देशोदेशी फिरत होतं. बाबा मुलांना शिकवायचे आणि स्वयंपाक करायचे. प्रत्येकाची एक बॅग, आणि नियम असा की जे पाठीवर मावत नाही ते आपलं नाही. लांबून ऐकायला हे फार छान वाटतं. ताईला विचारा! मैत्रीण जमली की बॅग भरायची वेळ येते, आणि पुस्तक वाचून झालं की ते तिथेच सोडून जावं लागतं. इथे मात्र पहिल्यांदाच अख्ख्या सुट्टीसाठी घर मिळालं होतं, आणि ताईला दार असलेली स्वतःची खोली. तिने कपडे बॅगेतून काढून कपाटात लावले होते.

आता आई त्याच बॅगा पलंगाखालून ओढून काढत होती.

"पण आपण काही केलेलंच नाही," ताई म्हणाली.

आईने समजावलं की घर त्यांचं आहे, आपण परके आहोत, आणि परक्या गावात भांडून कोणाचं भलं झालेलं नाही. सुट्टीच्या दिवसांत इथे दुसरं घर मिळणार नव्हतं, म्हणजे हा मुक्काम संपला. ताईने आपली बॅग पायाने परत पलंगाखाली ढकलली.

त्या दुपारी जिन्यात तिघांची सभा भरली. ताई, बंड्या, आणि सगळ्यांच्या मागे मागे असणारी धाकटी बहीण, 'शेपूट'.

बंड्याची युक्ती सोपी होती. आंघोळच करायची नाही. सगळ्यांनी आंघोळीची गोळी घ्यायची, न्हाणीघर कोरडं ठक्क ठेवायचं, आणि छत गळतं का ते बघायचं. यामागे शोध किती आणि आळस किती, हे त्यालाच ठाऊक. आईबाबा नाइलाजाने कबूल झाले. कोणी पाण्याला शिवलं नाही. शेपटाला तर एवढा आनंद झाला की तिने दात घासायलाही नकार दिला.

दुसऱ्या दिवशी तोफ पुन्हा धडधडली. आजोबांकडे गळती वाढली होती. बाबांनी कोरडी फरशी दाखवली, तर बाई म्हणाल्या की मघाशीच पुसली असेल, तुम्हा लोकांना सवयच असते. 'तुम्हा लोकांना' हे शब्द त्यांनी असे उच्चारले की बंड्याच्या मुठी वळल्या.

"मग पाणी येतंय कुठून?" बाई गेल्यावर ताई म्हणाली. "खाली जाऊन बघायलाच हवं."

खालचे आजोबा म्हणजे तोफेचे सख्खे भाऊ शोभतील असे. मुलं त्यांना गुरगुरे म्हणायची. त्यांनी दार वीतभर उघडलं, मुलांना पाहिलं आणि लावायला घेतलं. तेवढ्यात त्यांचा लठ्ठ बोका फटीतून डोकावून परत आत पळाला, आणि शेपूट "मनी!" म्हणत त्याच्या मागे आजोबांच्या हाताखालून आत घुसली. तिला आणायला ताई आत गेली, आणि ताईला आणायला बंड्या. आजोबा ओरडत राहिले.

आतल्या बोळात छतावर घमेल्याएवढा ओला डाग होता आणि खाली टब ठेवला होता. बोका भिंतीला पाठ लावून पसरला होता. शेपटाने त्याला उचलताना भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "ताई, भिंतीला ताप आलाय."

भिंत खरंच कोमट होती. ताईने टबात बोटं बुडवली. पाणीही कोमट, आणि वर पांढरा फेस. एवढं बघेपर्यंत आजोबांनी काठी उगारली आणि तिघं जिन्यात येऊन पडली.

ताईने ओली बोटं नाकाशी नेली. फुलांचा वास येत होता, अगदी डोकं धरेल असा.

"आपला साबण दे," ती बंड्याला म्हणाली.

इथे त्या पाठीवरच्या घराची एक रीत सांगायला हवी. ओझं नको म्हणून हे कुटुंब एकच साबण वापरायचं. अंगाला तोच, केसांना तोच, कपड्यांना तोच आणि भांड्यांनाही तोच, मोठी पिवळट वडी सुरीने कापून. तिला वास असलाच तर ओल्या खडूचा. आई त्यावरून रोज कुरकुरायची. बंड्याने वडीचा तुकडा आणला. तिघांनी आळीपाळीने वडी हुंगली आणि बोटं हुंगली. दोन्हींचा काही म्हणता काही संबंध नव्हता.

फुलांचा वास तर त्यांच्या ओळखीचा होता. तोफ जिन्यातून गेली की तो मागे रेंगाळायचा. तिच्या कपड्यांचा वास!

तोफ राहायची मुलांच्या वरच्या मजल्यावर. तिथे हल्ली कपडे धुण्याचं नवं मशीन घरघरायचं. पण नुसतं सांगून कोणी ऐकणार नव्हतं. सगळ्यांना एका जागी उभं करायला हवं होतं, तेही मशीन चालू असताना.

शुक्रवारी सकाळी वर घरघर सुरू झाली. ताईने आईबाबांना अक्षरशः हात धरून उठवलं. बाबांनी घराचा मुख्य नळ बंद केला आणि सगळे खाली आले. आजोबा दारात आडवे उभे राहिले. ताई इथली भाषा मोडकीतोडकी बोलत म्हणाली, "आजोबा, आमच्या घरात आत्ता कोणी नाही. पाणी बंद आहे. आता छत गळलं नाही तर दोष आमचा, आम्ही आजच जातो." गुरगुरे बाजूला झाले, कारण 'आजच जातो' हे शब्द त्यांना आवडले असावेत.

तिकडे बंड्या वर जाऊन तोफेला सांगून आला की सगळे खाली जमलेत, गळतीचा निकाल लागणार आहे. आपल्या शत्रूंचा निकाल बघायला बाई मशीन तसंच सोडून धावत आल्या.

सगळे बोळात उभे राहिले. काहीच होईना. बाई हसल्या आणि बाबांना म्हणाल्या, "मुलांना खोटं बोलायला कोण शिकवतं?"

एवढ्यात वरची घरघर थांबली. भिंतीत आधी गुडगुडलं, मग खळखळलं, आणि छतावरून फेसाळ पाण्याची धार टबात लागली. बोका बाजूला सरकला, पण भिंत काही त्याने सोडली नाही.

"यांनी नळ उघडा ठेवलाय वर," बाई म्हणाल्या, पण आवाज उतरला होता.

आजोबांनी टबात बोट बुडवलं. हुंगलं. मग ते वाकले आणि बाईंच्या बाहीचा वास घेतला. बाई मागे सरकल्या, पण उशीर झाला होता.

वरात वर गेली. मशीनची सांडपाण्याची नळी ड्रेनेजच्या तोंडात बसवलेलीच नव्हती. ती शेजारच्या भगदाडात, थेट भिंतीच्या पोटात कोंबली होती. मशीन बाईंच्या खऱ्याखुऱ्या भावाने जोडलं होतं. मला सगळं येतं, असं म्हणून.

"मी या पोरांवर काठी उगारली," गुरगुरे म्हणाले. "आणि माझ्या घरात डोळे उघडे ठेवून आली ती हीच. हुशार आहेत तुमची मुलं." शब्द बाहेर काढताना त्यांना त्रास होत होता, पण ते पुरे बोलले.

बाईंनी नळी ओढून काढली आणि कोणाकडे न बघता म्हणाल्या, "ठीक आहे. राहा तुम्ही सुट्टीभर."

आईने सुटकेचा निःश्वास सोडला. आता बाबा 'आभारी आहोत' म्हणतील, असं ताईला वाटलं आणि तिने ओठ घट्ट मिटले.

"राहू," बाबा म्हणाले. "आधी माझ्या मुलांची माफी मागा. त्यांना खोटारडे म्हणालात तुम्ही."

बाबांचा आवाज एवढा थंड कधी कोणी ऐकला नव्हता. बाईंनी आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी हाताची घडी घातली. शेवटी बाई मुलांसमोर उभ्या राहिल्या आणि दाताखालचा खडा बाहेर काढावा तसा एकेक शब्द त्यांच्या तोंडून निघाला. बंड्याने ती माफी मोठ्या मनाने स्वीकारली. शेपटाला काहीच कळलं नाही.

जिना उतरताना बाबांनी ताईचा हात धरला. "काय घडलंय ते न बघताच मी माफी मागितली होती," ते म्हणाले. "तुला फार लागलं ना?"

"हो," ताई म्हणाली, आणि तिने बाबांचा हात सोडला नाही.