सरदारच्या हातचा बाण

सरदार पेंटरचा पारा तसा रोजच चढलेला असायचा, पण त्या सकाळी तो ज्या रागात तळ्याच्या फाटकाशी उतरला त्याला तोडच नव्हती. त्याची महेक कालपासून सापडत नव्हती आणि लोक खुशाल तोंडाला येईल ते बोलत होते.

नशिराबादच्या पलीकडं एक जुनं पाझर तळं आहे. भोवती बाभळी, निंब, पळस. एका अंगाला दलदल आणि माणसाच्या डोक्यावर जाणारं पाणकणीस. तिथल्या निसर्ग समितीनं गेल्या वर्षी ते रान राखून ठेवलं आणि तळ्याला वळसा घालणारी पायवाट काढली. फाटकातून निघा, तासाभरात पुन्हा फाटकाशी. चढ नाही की दम लागत नाही, लेकुरवाळ्या बायाही हौसेनं चालतात. वाटेवरच्या झाडांना पांढरे बाण सरदारनंच रंगवले होते.

काल महेक कॉलेजच्या सहलीबरोबर इथं आली. बाकीच्या पोरी परतल्या, ती नाही. माणसांनी होडी फिरवली, बांबूंनी पाणी ढवळलं. संध्याकाळी समितीचा चिटणीस जीवराम सरदारला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, पोरगी सज्ञान आहे. कोणाबरोबर गेली असेल. घरी नीट विचारून बघा."

"तोंड सांभाळून बोला," सरदार म्हणाला. "पोरगी हरवली तुमच्या रानात आणि शोधू माझ्या घरात?"

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी महेकची मैत्रीण सबा दारात येऊन उभी राहिली आणि चाचरत बोलली. "चाचा, तळ्याच्या टोकाला दोन बाण होते. एक सरळ, एक आत पाण्याकडं. सर म्हणाले, सरळ चला. महेक म्हणाली, दोन्ही अब्बांच्या हातचे आहेत, पण आतला ताजा आहे. अब्बांनी वाट बदलली असणार, मी बघून येते."

ऐकताना सरदारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो डावखुरा. त्याचा ब्रश उलट्या अंगानं उठतो, शेपटीला बारीक फराटा राहतो. महेक लहानपणापासून त्याच्या पाट्यांत रंग भरत आलेली, तिला तो फराटा हजारांत ओळखू यायचा. दुसऱ्या कुणी त्या बाणाकडं ढुंकून पाहिलं नसतं. आणि सरदारनं तर पाण्याकडं बाण काढलाच नव्हता.

म्हणजे कोणीतरी त्याच्या हाताची नक्कल करून त्याच्या पोरीला आत नेलं होतं.

फाटकावर अभिमन हा राखणदार बसला होता. तो बरोबर यायला उठला. सरदारनं त्याला खाली बसवलं. "तू इथून हलू नको. आतून कोणी हरामखोर बाहेर आला तर धरून ठेव. त्याचे हात मी तोडणार आहे."

वाट रोजच्यासारखीच होती. पाण्यावर चक्रवाक ओरडत होते, पाचोळा पायाखाली वाजत होता. सरदार एकेक बाण तपासत, शिव्या घालत चालला. टोकाच्या बाभळीवर तो आतला बाण दिसला. बोट लावलं तर रंग बोटाला आला.

फराटा त्याचाच होता. नक्कल करणारा कितीही पोचलेला असो, इतकं जमत नाही. त्यानं खिशातलं फडकं काढून बाण खसाखसा पुसला. खाली तोच बाण होता, जुना, पिवळा पडलेला. त्याच्या कडा झाडाच्या सालीनं गिळल्या होत्या. साल एवढी चढायला पंधरा-वीस वर्षं लागतात.

सरदारला आता भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून जास्तच राग आला. चपला हातात घेऊन तो चिखलात उतरला.

पाण्यातल्या पुढच्या बाभळीवर बाण. त्याच्या पुढच्या बाभळीवर बाण. प्रत्येक बाण आधीच्यापेक्षा ओला. टर्पेंटाइनचा वास यायला लागला. चक्रवाक केव्हा गप्प झाले ते त्याला कळलं नाही.

पाणकणसाच्या आड रंगाच्या डब्याची कडी कुरकुरली.

"कोण आहे रे? समोर ये," सरदार ओरडला.

आतून महेक हसली. घरात ती बापासमोर अशी मोकळी कधी हसायची नाही.

तो धावला. गुडघाभर चिखलात तोंडावर पडला. फोन पाण्यात गेला. उठला, पुन्हा धावला, पाती दोन्ही हातांनी फाडत.

पाणकणीस संपलं.

समोर फाटक होतं.

अभिमन त्याच्याकडं बघतच राहिला. "भाऊ, तुम्ही? मघाशी तं तुम्ही पोरले गाडीवर बसाडीसन लई गयात."

सरदारनं त्याची गचांडी धरली. "काय बडबडतोस? कोणाला नेलं मी?"

"महेकले. मन्ही पाठ थोपटी तुम्ही," अभिमन रडवेला होऊन म्हणाला. "हासत गयात."

निंबाखाली त्यानं लावलेली मोटारसायकल नव्हती. चावी सरदारच्या खिशात होती. त्यानं अभिमनचा फोन ओढून घेतला आणि घरी लावला. बायकोनं, हमीदानं, पहिल्याच घंटीला उचलला.

"हमीदा, महेक..."

"आली, आली," हमीदा रडत रडत म्हणाली. "तिचे अब्बा घेऊन आले. अल्लाचे उपकार. आपण कोण बोलता?"

"अगं, मी सरदार."

पलीकडं हमीदाच्या मागं ताटं वाजत होती. महेक काहीतरी सांगत होती, आणि तिचं बोलणं पुरतं ऐकून घेऊन सरदारचाच आवाज म्हणाला, "हमीदा, कोण आहे गं? तू बस आता, दमलीस. मी वाढतो."

त्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. चोवीस वर्षांच्या संसारात सरदारनं बायकोला असं एकदाही म्हटलं नव्हतं.

"हमीदा," तो ओरडला, "तो मी नाही. महेकला घेऊन बाहेर पड."

हमीदाचा श्वास फोनच्या अगदी जवळ आला. मग ती हळूच म्हणाली, "आता पुन्हा इथं फोन करू नका."