टाकीचं झाकण

अब्ला माझी आई. ती त्या बोटीत होती, म्हणून मला हे माहीत आहे. तिनं आयुष्यात एकदाही तिखटमीठ लावून काही सांगितलेलं नाही.

बोट चालवत होता माझा मामेभाऊ अग्बेको. तो याबद्दल बोलत नाही. विचारलं तर उठून जातो.

घानातलं व्होल्टा सरोवर. जानेवारी. सकाळचे नऊ.

हो, सकाळचे. रात्र नव्हती.

सहाराकडून येणाऱ्या हरमाटान वाऱ्याची धूळ उतरलेली. सूर्य म्हणजे एक पांढरा डाग. अग्बेकोची धाकटी बहीण एनाम बोटीच्या तळाशी चटईवर पडलेली. पहाटेपासून कळा येत होत्या. मूल पायाळू होतं, आणि पाय आधीच दिसू लागले होते. दवाखाना पलीकडच्या काठावर.

मध्ये जुनं गाव.

धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. घरं, कबरी, सगळं. पाणी उतरलं की मेलेल्या झाडांचे शेंडे वर येतात. तिथून आमच्यातलं कोणी मोटर चालवत जात नाही. मोटर बंद करायची, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आवळायचा, वल्ही मारायची. वीस मिनिटं.

अग्बेकोचे वडील कोजोमामा तर झाकणावर अंगठा दाबून बसायचे. "इंजिनानं इथे श्वाससुद्धा घ्यायचा नाही," म्हणायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

पहिला शेंडा दिसला.

"मोटर बंद कर," आई म्हणाली.

"आज नाही, आत्या."

"अग्बेको."

"वीस मिनिटं आहेत का तिच्याकडे? तूच सांग."

आईनं एनामचे गुडघे धरले.

मोटर तशीच गेली. एक झाड. दुसरं. तिसरं...

आणि बंद पडली.

पेट्रोल. हवा. ठिणगी. दोरी.

हा कोजोमामांचा क्रम. लहानपणी डोक्यात टपली मारून शिकवलेला.

पेट्रोल : अर्धी टाकी.

हवा : नळीवरचा रबरी गोळा चपटा झालेला. म्हणजे टाकीत हवा जात नाही. त्यानं झाकणावरचा स्क्रू पाहिला. आवळलेला.

"आत्या, याला हात लावलास?"

"माझे हात कुठे आहेत ते बघ."

तिचे दोन्ही हात एनामच्या गुडघ्यांवर होते.

त्यानं स्क्रू सैल केला. टाकीनं हवा ओढली. गोळा दाबला, दोरी खेचली. मोटर सुरू झाली.

"बघ," तो म्हणाला. "मीच सकाळी विसरलो असेन."

चार झाडं गेली.

बंद.

गोळा चपटा. स्क्रू आवळलेला.

स्क्रू ओला होता...

"ठिणगी बघतो," तो म्हणाला. कशासाठी, ते त्यालाही कळत नव्हतं. प्लग काढला, सदऱ्याला पुसला, परत बसवला. पक्षी नव्हते. वारा नव्हता. एनामसुद्धा ओरडायची थांबली होती.

मग खालून आवाज आला.

धप्.

धप्.

उखळात फुफूसाठी उकडलेले कंद कुटतात तसा. सावकाश. बोटीच्या बरोबर खाली.

"खोड आपटतंय," अग्बेको म्हणाला.

"बोट हलत नाहीये," आई म्हणाली.

त्यानं आख्खं झाकणच फिरवून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. आता टाकीचं तोंड मुठीएवढं उघडं. हवेला कोण अडवतंय बघू. गोळा दाबला. दोरी खेचली. एकदा. दोनदा. सहादा.

गोळा चपटा.

होऊच शकत नाही.

त्यानं टाकीच्या तोंडावर हात ठेवायला नेला...

हात वरच थांबला.

तिथे आधीच एक हात होता.

दिसत नव्हता. पण गार होता, ओला होता, आणि अंगठ्याचं नख त्याच्या तळव्याला लागलं. फुटकं नख. कोजोमामांचं नख मोटरच्या पंख्याच्या पात्यानं फुटलं होतं, तसं.

अग्बेकोनं वल्हं उचललं.

आई सांगते, तो वल्ही मारताना लहान मुलासारखा बडबडत होता. "चुकलो, बाबा. जातोय. आवाज करत नाही. तिला जाऊ द्या." कुटण्याचा आवाज खालून सोबत येत होता. ना पुढे, ना मागे.

मूल तिथेच झालं. जुन्या गावाच्या मधोमध.

मुलगी. निळी. श्वास नाही.

आईनं तिचं नाक चोखून काढलं, तोंडात फुंकर मारली, पाठ चोळली. काही नाही. एनाम नुसतं विचारत होती, "रडत का नाही? आत्या, रडत का नाही?"

शेवटचं झाड मागे पडलं.

धप् थांबलं.

अग्बेकोनं दोरी खेचली. पहिल्याच खेचेला मोटर सुरू झाली. आणि त्या आवाजाच्या वर...

मुलगी रडली.

पुढचा अर्धा तास तो मागे वळून न बघता, पूर्ण वेगानं गेला. काठावर माणसं धावत आली, एनामला आणि बाळाला उचलून आत नेलं. दोघी वाचल्या.

तो नळी काढायला वाकला.

झाकण टाकीवर होतं.

घट्ट. स्क्रूही आवळलेला. उघडायला पक्कड लागली. उघडल्यावर टाकीनं आत हवा ओढली... लांब, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखी.

त्याचा खिसा रिकामा होता.

म्हणजे अर्धा तास ती मोटर हवेशिवाय चालली. काठावरच्या मेकॅनिकला मी स्वतः विचारलं. तो म्हणाला, दोन मिनिटंही चालणार नाही. मग म्हणाला, बोट कुठून येत होती? मी सांगितलं. त्यानं हत्यारं गोळा केली आणि आत गेला.

ती मुलगी, यायरा, आता सहा वर्षांची आहे. हुशार आहे, वात्रट आहे, मला "टकल्या" म्हणते.

बाजाराला जाताना ती आमच्याबरोबर बोटीत असते. पहिला शेंडा दिसला की आम्ही मोटर बंद करतो. स्क्रू आवळतो.

आणि यायरा श्वास रोखते.

तिला हे कोणी शिकवलेलं नाही. त्या दिवसाबद्दल तिला कोणी सांगितलेलंही नाही. आधी वाटलं, खेळ आहे. दोन झाडांपर्यंत रोखायची आणि खुदकन हसायची.

मागच्या वर्षी दहा झाडं.

गेल्या गुरुवारी मी तिचं नाक दाबून सोडलं, गुदगुल्या केल्या, हाका मारल्या. ती पाण्यात बघत राहिली. छाती हलत नव्हती. मी मनात आकडे मोजत होतो, आणि तीनशेच्या पुढे माझाच आकडा चुकला.

जुनं गाव ओलांडायला वीस मिनिटं लागतात.

एनामला मी अजून सांगितलेलं नाही.