पांढऱ्या फडक्याच्या दोन ओळी

गेल्या वर्षी ज्या औषधानं कोबीवरच्या अळ्या पटापट मेल्या, तेच औषध यंदा फवाऱ्यानं तेवढंच मारलं, तरी अळ्या आपल्या पानं खातच होत्या. असं कसं झालं?

फवाऱ्या म्हणजे आमचा फवारणी करणारा यंत्रमानव. तो कामापुरतंच बोलतो. आई दिवसभर तालुक्याला, आजोबा दीड वर्षापासून चंद्रावरच्या शेतीकेंद्रात, आणि इथे जुन्नरच्या डोंगराखाली मी एकटी. त्यात आजोबांचा कोबीवरचा सात वर्षांचा प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत अळ्यांच्या पोटात चालला होता.

मी पडद्यावर आजोबांना हाक मारली. चंद्रावरून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. मला ती फार वाटतात.

“आजोबा, अळ्या औषध पचवायला शिकल्या का हो?”

“शिकल्या नाहीत, मृणा. प्रत्येक अळीत जनुकं (शरीर कसं घडवायचं याच्या सूचना) असतात. पिलांना देताना त्यांची नक्कल होते आणि नकलेत कधीतरी चूक होते. तेच उत्परिवर्तन. हजारोंत एखाद्या अळीत अशी चूक आधीच असते, की औषध तिला बाधत नाही. फवारणीत बाकीच्या मेल्या, तसल्याच उरल्या. आता सगळी त्यांचीच पिलावळ.”

“म्हणजे पहिली अळी एकटीच वाचली असेल?” मला उगाच तिची दया आली.

“म्हणून तर पांढरं फडकं बांधलेल्या दोन ओळी आपण फवारत नाही. तिथले साधे पतंग (मोठ्या झालेल्या अळ्या) अशा वाचलेल्यांशी जोडी जमवतात. मग पिलांना तो बदल एकाच पालकाकडून मिळतो, तेवढा पुरत नाही आणि त्यांच्यावर औषध चालतं. त्या ओळी ठीक आहेत ना?”

“तुम्ही गेल्यापासून मी त्याही फवारून घेतल्या. तुम्ही याल तेव्हा सगळं शेत छान दिसावं म्हणून.”

अडीच सेकंद झाली. पाच झाली. मला रडूच फुटलं.

“ओढ्यापलीकडे शेवंताकाकूंच्या परसात औषध कधीच गेलेलं नाही,” शेवटी ते म्हणाले. “तिथल्या अळ्या आणून त्या दोन ओळींत सोड. बाकीच्या हातानं वेच. हे औषध सध्या बंद.”

मी डबा घेऊन गेले. काकू हसतच सुटल्या. “आगं पोरी, आळ्या मागाया कुणी येतं व्हय?” पण डबा त्यांनीच भरून दिला. वेचायलाही रोज आल्या.

महिन्याभरानं फडक्यापाशी पतंग उडू लागले. मी आजोबांना ते दाखवलं.

“आता ते एकटे नाहीत,” मी म्हणाले.

“आणि तू?”

या वेळी उत्तराला उशीर मी केला.

“काकूंनी उद्या जेवायला बोलावलंय,” मी म्हणाले.