दोन सुरांचा हॉर्न

या, या, बाळांनो, असे पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं, ही गोष्ट टेकून ऐकायची नाही. मोबाइल पालथे ठेवा, पाण्याची बाटली हाताशी घ्या. देवाच्या दयेने आज घसा बरा आहे, तेव्हा एका अशा गाडीची कथा ऐकवायची आहे, जी जागची हलली नाही आणि तिचा आवाज मात्र भलतीकडूनच येऊ लागला! कसा? गंधालीलाही तेच कळेना. तिचं डोकं जसं गरगरलं, तसं तुमचंही थोडं गरगरू द्या. गरगरलं तरच गंमत.

तर मुलुंडच्या पश्चिमेला एक सोसायटी. मे महिना, शनिवारची दुपार. जिन्याखालच्या गार फरशीवर गंधाली, यज्ञेश आणि श्रुतिका पालथे पडून फलक रंगवत होते. एकाच मजल्यावर राहणारे, एकाच वर्गात शिकणारे आणि एकमेकांशी रोज भांडणारे असे हे तिघे!

"यज्ञ्या, हे काय काढलंयस? वडापाव?"

"चिपळ्या आहेत त्या!"

"मग मधे भजी का दिसतेय?" श्रुतिका म्हणाली, आणि तिघंही खो खो हसत सुटली.

फलक होता गंधालीच्या आजोबांसाठी. आबा कीर्तनकार. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वर्षभर बोरीवलीला आत्याकडे होते. कीर्तन उभ्यानंच करायचं असतं ना! आता डॉक्टरांनी उभं राहायची परवानगी दिली होती आणि रविवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात आबांचं कीर्तन ठरलं होतं. त्यांची अट एकच होती. "देवळात जाईन तो माझ्या फियाटमधून. आजवर तिनंच मला देवाच्या दारात सोडलंय. परत उभा राहतोय, तेही तिच्या सोबतीनं."

इतक्यात मागच्या भिंतीपलीकडून आवाज आला.

"पोंऽऽ-पींऽऽ!"

गंधालीच्या हातातला ब्रश आबांच्या नावावरून घसरला.

"हा आबांचा हॉर्न आहे!"

"हॅ! हॉर्न सगळे सारखेच," यज्ञेश म्हणाला.

"नाही रे! आबांच्या गाडीला दोन हॉर्न आहेत. एक सा, एक प. पेटीशी जुळवलेले. आबा फाटकात शिरले की आई त्यावर चहा टाकायची. अख्ख्या मुलुंडात असा दुसरा नाही!"

"पोंऽऽ-पींऽऽ!" पुन्हा आला.

तिघं धावत पार्किंगमध्ये गेली. कोपऱ्यात दोन जुन्या फियाट शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही राखाडी कव्हरांखाली. एका कव्हराला लाल ठिगळ होतं. गंधालीच्या आईने आबांच्या जुन्या उपरण्याचं लावलेलं. म्हणजे ती आबांची. साध्या कव्हरातली नाडकर्ण्यांची. नाडकर्णी आता कॅनडात असतात.

गंधालीने लाल ठिगळाचं कव्हर वर केलं. दिवे जागेवर, स्टिअरिंग जागेवर. गाडी शांतपणे झोपलेली.

"बघ, आहे की इथेच," श्रुतिका म्हणाली. "तुला भास झाला."

"मग तिकडे वाजलं ते काय?"

"गाडीचं भूत!" यज्ञेशने डोळे मोठे केले. "अंग इथे, आवाज तिथे!"

"गप रे!" म्हणत गंधालीने फ्रॉकच्या खिशातून किल्ली काढली. रविवारपर्यंत गाडी पुसून ठेवायचं काम तिचंच होतं ना! किल्ली दारात घातली. फिरेना. उलटी घातली. फिरेना. तिने काचेला नाक लावून आत पाहिलं आणि तिचा चेहरा गोरामोरा झाला.

"हुक कुठाय? स्टिअरिंगशेजारी पितळी हुक आहे. आबा त्यावर चिपळ्या अडकवायचे."

आत हुक नव्हतं. हुकाचं भोकसुद्धा नव्हतं! आबांची गाडी, पण किल्ली लागत नाही. हुक नाही, आणि हॉर्न भिंतीपलीकडे वाजतोय. गंधालीला वाटलं, आपण उन्हात जास्त खेळलो की काय!

श्रुतिकाने शेजारच्या गाडीचं साधं कव्हर उचललं. "अगंबाई!"

त्या गाडीचे दोन्ही दिवे नव्हते. नुसत्या खोबण्या उरल्या होत्या. आत स्टिअरिंग नव्हतं. आणि ऐका हं, प्रत्येक रिकाम्या जागी हळदकुंकवाचं बोट टेकवलेलं, वर चार अक्षता आणि सुकलेलं झेंडूचं फूल!

"चोर पूजा करून गेला?" यज्ञेशचा आवाज चिरकला. आता तो गंमत करत नव्हता.

गंधालीने किल्ली लावली. खट्! दार उघडलं. स्टिअरिंगच्या उघड्या दांड्याशेजारी पितळी हुक चमकत होतं.

"ही आबांची गाडी आहे," ती कशीबशी म्हणाली. "कव्हरंच बदललीत!"

बदलली होती खरी. दिवाळीनंतर इमारतीला रंग काढला तेव्हा रंगाऱ्यांनी दोन्ही कव्हरं काढली आणि परत घालताना हाताला येईल ते घातलं. तेव्हापासून कोणी खाली डोकावलंच नव्हतं.

तिघं तडक सेक्रेटरी सुशांतकाकांकडे गेली. सुशांतकाका एका कानाला मोबाइल लावूनच जन्माला आले असावेत.

"काका, आबांच्या गाडीचे पार्ट..."

"साधं कव्हर ना? ती नाडकर्ण्यांची. त्यांनी परवानगी दिलीय. कामाचे पार्ट काढून झालेत, उद्या सकाळी सांगाडा न्यायला भंगारचा ट्रक येतोय. विषय संपला!"

"पण काका, किल्ली..."

"गंजलं असेल कुलूप. ठिगळवाली तुमची, साधी त्यांची. एवढं साधं आहे. विषय संपला!" दार बंद.

आबांना आणायला बाबा बोरीवलीला गेले होते. गंधालीने त्यांना फोन लावला. "अगं, आपल्या कव्हराला ठिगळ आहे ना? मग त्याखालची गाडी आपलीच. सुशांत बरोबर बोलतोय. उद्या मी येऊन बॅटरी लावतो. आबांना नको हं काही सांगूस, आज किती खुशीत आहेत!"

उद्या! उद्या सकाळी तर आबांची गाडी ट्रकवर चढणार होती. गंधालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठी माणसं सगळी कापडाकडेच बघत होती!

"रडू नको गं," श्रुतिका म्हणाली. "हॉर्न वाजतोय म्हणजे जवळच आहे. चला!"

"पोंऽऽ-पींऽऽ!" जणू हाकच आली.

सायकली काढून तिघं भिंतीमागच्या कारखान्यांच्या गल्लीत शिरली. एका पत्र्याच्या शेडमधून आवाज येत होता. आत डोकावून पाहतात तो काय! जमिनीला टेकेल इतकी बुटकी, बिनटपाची, नाक लांब काढलेली एक अजब गाडी. इंजिन उघडंच. मागची चाकं जाडजूड, पुढची बारीक. आणि तोंडावर दोन ओळखीचे गोल दिवे!

"आबांच्या गाडीचे डोळे!" गंधाली ओरडली. "चोर!"

गाडीखालून एक ताई घसरत बाहेर आली. कपाळाला ग्रीस, हातात पाना.

"चोर कोणाला म्हणतेस गं? मी माणिक. हे माझं वर्कशॉप आहे."

"आणि ही काय गाडी आहे? अर्धी विसरलात का?" यज्ञेशने विचारलं.

माणिकताई हसली. "हॉट रॉड म्हणतात हिला. जुनी गाडी घ्यायची, जडशीळ पत्रा काढून टाकायचा, दणकट इंजिन बसवायचं आणि आपल्या मनासारखं रूप द्यायचं. पण माझ्या गाडीत नवा भाग एकही नाही हं! ही जाळी एका जुन्या जीपची, हे आरसे एका मेटॅडोरचे. मेलेल्या गाड्यांत जिवंत राहिलेले भाग असतात, ते मी वाचवते. उद्या प्रदर्शनात जायचीय, झकास दिसेल!"

"आणि ते हळदकुंकू?"

"आमच्या कोकणात औषधासाठी झाडाची साल काढायची, तर आधी झाडाला हळदकुंकू वाहून विचारतात, 'बाबा रे, घेऊ का?' माझी आजी तसं करायची. मला गाडीच्या बाबतीतही तीच सवय लागली. विचारल्याशिवाय पाना लावत नाही."

"पण तुम्ही ज्या गाडीला विचारलंत ती मेलेली नव्हती!" गंधाली हुंदका देत म्हणाली. तिने सगळं सांगितलं. कव्हरं, किल्ली, चिपळ्यांचं हुक, उद्याचं कीर्तन, उद्याचा ट्रक.

माणिकताई मटकन टायरवर बसली. "अरे देवा! सुशांतरावांनी साधं कव्हर दाखवलं. किल्ली नाही म्हणाले, म्हणून मी दाराची छोटी त्रिकोणी काच सरकवून, त्यातून हात घालून दार उघडलं. जिवंत गाडीचे डोळे काढले मी!" तिने लगेच फोन लावला. "सुशांतराव, गाडी चुकलीय..."

"मॅडम, तुमचं काम झालं ना? विषय संपला!" फोन कट.

मग गंधालीने नाक पुसलं. इतका वेळ डोक्यात गरगरणारं सगळं एकदम थांबलं होतं.

"माणिकताई, नाडकर्ण्यांच्या गाडीचे दिवे आणि स्टिअरिंग तुम्हाला चालतील?"

"चालतील की! तेच मॉडेल. परवानगी तर त्यांच्याच गाडीची आहे."

"मग झालं! काका कव्हरच बघतात ना? मग आपण कव्हरच बदलू!"

"गंधाली, तू डेंजर आहेस यार!" यज्ञेश ओरडला.

संध्याकाळी सोसायटीतले सगळे वर मॅच बघण्यात गुंग होते. खाली माणिकताईने आबांच्या गाडीचे दिवे, स्टिअरिंग, हॉर्न जागच्या जागी बसवले. स्वतःकडची बॅटरीही लावली. श्रुतिका टॉर्च धरून, यज्ञेश पाने पुरवत. हॉर्न लावताना माणिकताई थबकली.

"हे दोन हॉर्न एका जातीचे नाहीत. एक ट्रकचा, एक अ‍ॅम्बॅसॅडरचा. कोणी कानाने निवडलेत कोण जाणे! मला तर फार आवडले होते." तिने ते हळूच पुसून बसवले. मग नाडकर्ण्यांच्या गाडीपुढे गेली, हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि तिचे भाग काढले. शेवटी गंधालीने लाल ठिगळ आबांच्या गाडीवर घातलं आणि साधं कव्हर दुसरीवर.

सकाळी ट्रक आला. सुशांतकाका कानाला मोबाइल लावून आले. "साध्या कव्हरवाली. उचला!" कव्हराखाली त्यांनी डोकावलंसुद्धा नाही. साखळ्या खडखडल्या, सांगाडा वर गेला, ट्रक फाटकाबाहेर पडला. गंधालीने एवढा वेळ रोखलेला श्वास सोडला.

"बघितलंत? उगाच काल गोंधळ! विषय..."

"काका," गंधालीने किल्ली पुढे केली, "एकदा ही लावून बघता?"

काकांनी कव्हर सारलं, किल्ली लावली. खट्! दार उघडलं.

"मग? लागतेय की. यात काय?"

"काल ठिगळाखालच्या गाडीला लागत नव्हती. काल या ठिगळाखाली नाडकर्ण्यांची गाडी होती. आम्ही काल कव्हरं बदलली नसती ना, तर आत्ता ट्रकवर आबांची गाडी असती!"

काकांनी आत पाहिलं. पितळी हुक. दिव्यांच्या कडेला हळदकुंकू. मोबाइलमधून कोणीतरी "हॅलो, हॅलो" ओरडत राहिलं. काकांनी पहिल्यांदाच तो कानापासून खाली घेतला.

दुपारी आबा आले. काठी टेकत थेट गाडीपाशी गेले. बाबा शेजारी, खाली मान घालून उभे. त्यांना सगळं कळलं होतं. आबांनी बोटाने दिव्यावरचं कुंकू टिपलं. "हे कोणी वाहिलं?"

आता ओरडा बसणार, म्हणून तिघं अंग चोरून उभी राहिली. माणिकताई पुढे झाली. हॉट रॉड ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला निघालेली ती मुद्दाम फाटकाशी थांबली होती. तिने सगळं सांगितलं आणि आबांच्या पाया पडली. सुशांतकाका म्हणाले, "आबा, चूक माझी. मी बघितलंच नाही."

आबा आधी मुलांकडे वळले. "शाब्बास रे लेकरांनो! मोठ्यांनी कापड पाहिलं, तुम्ही गाडी पाहिलीत. सुशांत, विषय संपला म्हणतोस ना? आज संध्याकाळच्या कीर्तनाचा विषय हाच! तू पहिल्या रांगेत बसायचं, मोबाइल घरी ठेवून."

सगळे हसले. काकाही हसले.

"आणि पोरी," आबा माणिकताईला म्हणाले, "हा हॉर्न कोणी जुळवला ठाऊक आहे? आमच्या काशीराम मिस्त्रींनी. माझी पेटी शेडमध्ये पुढ्यात घेऊन बसले आणि भंगारातला एकेक हॉर्न वाजवून बघत राहिले. एका मोडीत निघालेल्या ट्रकात सा सापडला, अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये प. म्हणाले, 'आबा, दोघांचीही अंगं गेली, सूर कशाला वाया घालवायचा?' माझी गाडीसुद्धा अशी वाचवलेल्या सुरांवरच बोलते बघ. मिस्त्री गेले. त्यांच्यासारखा कान पुन्हा कुठे दिसला नव्हता, तो आज तुझ्यात दिसला."

आबांनी बोनेट उघडायला सांगितलं आणि बारीक आवाजाचा हॉर्न दाखवला.

"हा प तू घेऊन जा. सा माझ्याकडे राहू दे."

"आबा!" गंधाली दचकली. "मग आपला हॉर्न अर्धा होईल!"

"वेडे, अर्धा कसा? आज जाताना दोन्ही गाड्या एकदम वाजवू, मग बघ."

तिथेच, फाटकात, माणिकताईने प हॉट रॉडला जोडला. आबा फियाटमध्ये बसले, चिपळ्या हुकावर अडकवल्या. शेजारी गंधाली, मागे यज्ञेश, श्रुतिका आणि तो वडापाववाला फलक. स्टिअरिंगवर बसलेल्या बाबांनी हॉर्नवर हात ठेवला. ट्रेलरवरच्या गाडीत माणिकताईने ठेवला.

"पोंऽऽऽ!"

"पींऽऽऽ!"

दोन गाड्या, पण सूर तोच, पूर्ण! तिसऱ्या मजल्यावरून आई ओरडली, "अगंबाई, आबा आले वाटतं! चहा टाकते!" आबा आधीच खाली बसलेत हे ती साफ विसरली होती. गंधाली पोट धरून हसली, आणि का कोण जाणे, तिचे डोळेही भरून आले.

तर बाळांनो, इथे आपली कथा देवाच्या पायी ठेवू. मागणं एवढंच. रस्त्यात एखाद्या जुन्या गाडीचा हॉर्न कानाला गोड लागला, तर क्षणभर थांबा आणि भंगाराच्या ढिगाशी पेटी घेऊन बसलेल्या काशीराम मिस्त्रींची आठवण काढा.