पुढचा अंक

यकृताच्या वॉर्डात सकाळी नऊला कागद वाटणं हे त्या शिकाऊ डॉक्टरणीचं काम. कागदावर पंचवीस गोल विखुरलेले, प्रत्येकात एक अंक. रुग्णानं ते क्रमानं पेन्सिलीनं जोडायचे, तिनं घड्याळ लावायचं. यकृत थकलं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते आणि हात रेंगाळतो. मग रक्ततपासणीचे चार आकडे संगणकात घातले की माणूस तीन महिने काढील का, याचा अंदाज निघायचा.

निवृत्त पोस्टमन अकरावर थांबले. "पुढचा दिसत नाही," म्हणाले. बारा समोरच होता. अंदाज चांगला निघाला, तरी अकराव्या दिवशी ते गेले. शेजारच्या खाटेवरच्या शिवणवाल्या बाई सहावर थांबल्या आणि सहाव्या दिवशी गेल्या. तिनं वहीत लिहिलं : योगायोग. दोनच नोंदी.

मग तिचा सख्खा मामा दाखल झाला. पोट टम्म, डोळे हळदीसारखे, जीभ मात्र शाबूत.

"काय गं डॉक्टरीणबाई, या वयात बालवाडीत बसवतेस?"

"बडबड नको, मामा. पेन्सिल धर."

तो नऊवर थांबला.

"दहा कुठंय गं?"

पेन्सिलीचं टोक दहाच्या गोलावरच टेकलेलं होतं.

संगणक म्हणत होता, तीन महिने सहज. प्रत्यारोपण तीन आठवड्यांनी ठरलेलं. यकृताचा तुकडा मामाची मुलगी देणार होती. भाची तडक सर्जनकडे गेली. कागदाबद्दल चकार शब्द काढला नाही.

"सर, लवकर करू या. माझं मन सांगतंय."

"मन? तू आकड्यांशिवाय बोलतेस?" सर हसले, पण त्यांनी तारखा चाळल्या. एक ऑपरेशन रद्द झालं होतं. आजपासून आठवा दिवस.

आठ. नऊच्या आत. जिन्यावर तिला कितीतरी वेळानं धड श्वास घेता आला.

ती परतली तेव्हा मामाला डोळा लागला होता. मामेबहीण खाटेच्या कडेवर पाय हलवत बसली होती. तरणीताठी, धडधाकट. मांडीवर अंकांचा एक न सोडवलेला कागद.

"ताई, घड्याळ लाव. बाबांना हरवते बघ."

पेन्सिल सरसर धावली.

मग थांबली.

"हे काय गं? आठ झाले. नऊ छापायचा राहिला का?"

नऊचा गोल तिच्या अंगठ्याला लागूनच होता.