टिकारामचा मिस कॉल

"…अन् रोज सांजेले फोन येते म्हणते गोदावरीले. त्याचाच. एकच घंटी. अन् मंग म्हणते तो तिले…"

एवढ्यात नळाला पाणी आलं.

आमच्या चिखल्याच्या खाण कॉलनीत नळाला पाणी आलं की कोणाचं वाक्य पुरं होत नाही. देवकाबाईने अर्धी गोष्ट तोंडात तशीच धरली आणि आपला पाण्याचा गुंड पुढे दामटला. मी तिच्या मागे मागे. "तिले काय? काय करते तो तिले?"

तर म्हणते कशी, "तुम्ही तिच्या भिंतीले भिंत लावून राहता रत्नाबाई, अन् तुम्हालेच नाई मालूम?"

लागलं मला ते. कोणाच्या घरी कोणती भाजी फोडणीला पडली ते मी वासावरून सांगते, आणि माझ्याच शेजारणीला तिच्या मेलेल्या नवऱ्याचा फोन येतो ही बातमी मला नळावर मिळावी, तीही अर्धी! पण त्याहून राग आला तो पुढचं पाहून. गोदावरीबाई आपली कळशी घेऊन आली तशा सगळ्या बाया बाजूला सरकल्या. मान म्हणून नाही, विटाळ म्हणून. तिने पाणी भरलं आणि ती गेल्यावर देवकाबाईने नळाची तोटी घासून धुतली. आजच्या काळात! हातात मोबाईल आणि डोक्यात हे असं.

टिकाराम म्हणजे गोदावरीचा नवरा. सारी उमर मँगनीजच्या खाणीत, खालच्या पाळीला. गेल्या हिवाळ्यात धानकापणीला म्हणून लाखांदूरकडे बहिणीच्या गावी गेला आणि परतीच्या गाडीची वाट पाहता पाहता लाखांदूरच्या बसस्टँडवरच छातीला हात लावून बसला तो बसलाच. माय-लेकी रडत तिकडे धावल्या, आणि सगळं तिकडेच आटोपलं. टिकाराम काही चिखल्याला परत आला नाही.

आता घंटीचं सांगते. खाणीच्या पोटात फोन चालत नाही. पाळी सुटली की माणूस वर येतो, गेटवर फोन घेतो आणि घरी एक मिस कॉल मारतो. उचलायचा नसतो तो. एक घंटी म्हणजे, मी धडधाकट वर आलो, आंघोळीचं पाणी ठेव. कॉलनीतल्या अर्ध्या चुली या घंटीवर पेटतात. टिकारामची घंटी वाजली की भिंतीपलीकडे गोदावरी पाण्याचा मोठा गंज चुलीवर चढवायची, तो आवाज मी कितीतरी वर्षं ऐकला आहे. आणि मनाशी विचार केला तर… तो आवाज आताशाही येत होता. माझ्याच ध्यानात आलं नव्हतं.

सांजेला लाखोळीच्या डाळीचे वडे तळले, वाटीत घेतले आणि गेले तिच्याकडे. दार सताड उघडं. दिवा लावलेला नव्हता. चुलीचा तेवढा लाल उजेड, ओल्या लाकडाचा धूर, आणि गंजातलं पाणी खदखदत होतं. त्याच्याजवळ पाटावर फोन उताणा ठेवलेला.

"कोण न्हाते वो आता?" मी विचारलं.

तिने वडा हातात घेतला, खाल्ला नाही.

फोनची काच उजळली. एक घंटी वाजली. भिंतीवर आमच्या दोघींच्या सावल्या उमटल्या आणि पुसल्या गेल्या. पुन्हा अंधार. गोदावरीने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. चुलीत एक लाकूड सारलं आणि हळूच म्हणाली, "आला वरतं."

माझ्या पाठीवर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण घरी येईपर्यंत त्या काट्याचा राग झाला होता. कोण हा मेला, विधवेला छळणारा? मला हे फोनवाले चांगले ठाऊक आहेत. पिठात हात असले की ह्यांचा फोन. कर्ज घ्या, कार्ड घ्या, तुमचं खातं बंद होते. एकदा एका पोरीने मला इतक्या गोड आवाजात मॅडम म्हटलं की मी भाकर जाळली. तेव्हापासून मी नाव सांगणारं ॲप टाकलं आहे. अनोळखी फोन आला की तो कोणाचा ते काचेवर लिहून येतं, आणि चोर असला तर लाल पट्टी. तेच गोदावरीच्या फोनमध्ये टाकायचं आणि नाव घेऊन नळावर जायचं, असं मी ठरवलं.

घाई होती त्याला कारण होतं. तिची पोरगी अपेक्षा भंडाऱ्याला दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरलेले. सासू नाही. रोज मला फोन करून रडायची, "काकू, आईले धाडा ना वो." आणि आईचं एकच, "मी गेली तं पाणी कोण तापवन?"

दुसऱ्या दिवशी बसले तिचा फोन घेऊन. अपेक्षानेच घेऊन दिलेला नवा फोन, सिम तेवढं जुनं. त्यात नंबर एकच, अपेक्षाचा, फोटो लावून, कारण गोदावरीला आकडे वाचता येत नाहीत. ॲपने परवानग्या मागायला सुरुवात केली. फोन पाहू देता का, नावं पाहू देता का, दुसऱ्या ॲपच्या वर दिसू देता का. एवढी चौकशी तर मीही करत नाही! सगळ्याला हो म्हटलं आणि वाट पाहत बसलो.

अंधार पडायला लागला. कुठे तरी गाय हंबरली, मग तीही गप्प झाली. घरात अचानक ओल्या दगडाचा वास आला, पाळी सुटल्यावर माणसांच्या कपड्यांना येतो तसा.

घंटी.

काचेवर नाव आलं, 'टिकाराम खाण'.

"काय लिहून आलं…?" गोदावरीने विचारलं.

मी काच पदराने झाकली.

"रत्ना… त्याचंच आहे ना…?"

ती हसली हो. इतक्या महिन्यांनी हसली, आणि गंजावर झाकण ठेवलं.

रात्रभर मी भिंतीला पाठ लावून बसले. सकाळी बाजारात टीना नावाच्या पोरीचं मोबाईल दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर. टीनाने ऐकून घेतलं आणि हसायलाच लागली. "काकू, भूत नाई ओयखत ते ॲप. लोकाईनं आपापल्या फोनात जे नाव टाकलं असते तेच दाखवते. सारी कॉलनी त्याईले टिकाराम खाण म्हणूनच सेव करून आहे. सिम बंद पडलं की कंपनी तोच नंबर दुसऱ्याले देऊन टाकते. कोणीतरी जिता माणूस आहे तो."

जीव भांड्यात पडला, आणि रागही दुप्पट झाला. तिथल्या तिथे दुकानाबाहेर जाऊन मी काल टिपून घेतलेला तो नंबर लावला.

"हॅलो," माणसाचा आवाज. मागे बसचा हॉर्न.

"कोण रे तू? लाज नाई वाटत? एका बाईले रोज सांजेले घंटी मारते!"

"मावशी, दमानं घ्या," तो बिचारा घाबरला. "मी सुगत. लाखांदूरच्या बसस्टँडवर चहाची टपरी आहे माही. मी नाई करत फोन."

"मंग काय तुहा फोन आपोआप लागते?"

"एक बुढा येते ना रोज सांजेले. चहा नाई घेत. म्हणते, बाबू, घरी एक मिस कॉल मारू दे. नंबर पाठ आहे त्याले. घंटी मारते, फोन पुसून देते अन् बाकावर जाऊन बसते. मले वाटलं, नसन बिचाऱ्याजवळ मोबाईल."

"कसा… कसा आहे दिसाले?"

"साधाच आहे जी. हात तेवढे कायेकुट्ट. मी म्हटलं कोयश्याचं काम करता काय? तं म्हणे, नाई बाबू, हे धुतल्यानं निंघत नाई."

मँगनीजची भुकटी नखात बसली की जात नाही. आमच्या कॉलनीत शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. लाखांदूरचा धानाच्या मुलखातला माणूस काय जाणे?

फोन बंद केला. तशीच घराकडे निघाले. वाटेतच ठरवलं. मेलेला असो की जिता असो, पोरगी तिकडे एकटी कळा देणार आणि हा इथे बायकोला चुलीशी बांधून ठेवणार? जन्मभर तिने तापवलं ना पाणी! आता पुरे.

दुपारी गोदावरी पडली होती तेव्हा तिचा फोन उचलला. तो नंबर ब्लॉक केला. तरी भरवसा वाटेना. उद्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून मारला तर? म्हणून खाली ते एक बटण असतं, फोनमध्ये नाव नसलेले सगळे फोन बंद करायचं, तेही दाबलं.

सांज झाली. पाणी खदखदलं. फोन गप्प. गोदावरी बसून राहिली. चुलीतली लाकडं जळून खाली बसली, पाणी निवलं, भिंतीवरचा लाल उजेड विझला, तरी बसून राहिली. मग म्हणाली, "थकला असन."

आणि सकाळी पिशवी भरली. "चाल, बसवून दे मले गाडीत. पोरीकडे जातो."

तिला बसवून मी थेट नळावर गेले. म्हटलं, "घ्या! कोणाचा फोन नाई अन् काई नाई. चहावाल्याचा नंबर होता. गेली ती पोरीकडे. आता धुवा तोटी!"

देवकाबाई कळशी विसळत म्हणाली, "गेली ना? तेच तं सांगत होतो मी त्या दिवशी. तो तिले घेऊन जाते म्हणते. खाणीतून हाका मारते, अन् घेऊन जाते."

"जीभ झडन तुही," मी म्हटलं.

त्याच सांजेला माझा फोन वाजला. एक घंटी नाही, वाजतच राहिला. काचेवर 'टिकाराम खाण'. पदराला हात पुसून उचलला.

"मावशी, मी सुगत… चहावाला." आवाज दबका होता. "तुमचा नंबर होता म्हणून केला. ते आले होते. काल घंटी गेली नाई, आज बी नाई गेली. किती वेळ फोन तसाच हातात धरून उभे होते… मंग गाडी विचारली."

"चिखल्याची?"

"नाई जी. भंडाऱ्याची."

मी याला भंडाऱ्याचं काही सांगितलं नव्हतं. आईशपथ नव्हतं सांगितलं.

"बसले… का ते?"

"मी गिऱ्हाइकाले चहा देऊन मागं वयलो तं गाडी निंघून गेली होती, मावशी. बाक बी खाली होता."

मी गोदावरीला फोन लावला. अर्धी घंटी, आणि कट. पुन्हा लावला, कट. तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझा नंबर तिच्या फोनमध्ये मी टाकलाच नव्हता! कशाला टाकेन? आम्ही दोघी भिंतीवरून बोलणाऱ्या, आम्हाला फोन कधी लागला? सगळ्या जगाला बंद करताना मी मलाही बंद करून बसले होते. अपेक्षाला लावला तर ती उचलेना. जाणारी गाडीही उरली नव्हती. देवघरापुढे नाही, बुद्धाच्या फोटोपुढे नाही, मी त्या मेल्या ॲपपुढे हात जोडून बसले.

सकाळी अपेक्षाचा फोन आला.

"काकू, मुलगी झाली! आई मस्त आहे. पोरीले मांडीवर घेऊन बसली, खाली ठेवतच नाई."

मी ढसाढसा रडले. म्हणजे नेलं नाही. कोणीच कोणाला नेलं नाही. नळावरच्या त्या सटव्यांना आता जाऊन सांगते, असं म्हणत मी पदर खोचलासुद्धा. लोक म्हणत होते खाणीतून हाका मारतो, ते खोटं निघालं. म्हणत होते घेऊन जातो, तेही खोटं.

"काकू," अपेक्षा म्हणाली, "एक इचारू? काल बाळ झालं तवा दवाखान्यातली आयाबाई बाहेर सांगाले गेली. परत येऊन मले म्हणते, तुमच्या बाबाले सांगतलं म्हणून. सासरे तं माहे गावाकडं आहेत. कोणाले सांगतलं असन तिनं?"

"काय… काय म्हणाले ते?"

"म्हणे, दारातूनच पोरीले पाहिलं. आईले पाहिलं. 'राहू दे तिले इथंच' म्हणले. अन् उठले."

"उठून कुठं गेले?"

"ते नाई मालूम. तुमसरची पहिली गाडी केव्हा सुटते, तेवढं इचारलं म्हणते."

तुमसरहून चिखल्याला यायला फार वेळ लागत नाही. नळावर मी गेले नाही. पहिली गाडी मघाशीच येऊन गेली, हॉर्न ऐकला. गोदावरीच्या दाराला मी स्वतः लावलेलं कुलूप आहे. मी आपली घरात बसले आहे, आणि भिंतीपलीकडे कोणीतरी गंज उचलून चुलीवर ठेवतो आहे, सवय नसलेल्या हाताने.