चौथी विरी

हे कोणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. शपथ सगळ्यांत आधी मीच घेतली, कारण मी तशीही फारसं बोलत नाही. पण आज वीज गेली आहे, मी कंदिलापाशी बसले आहे, आणि वहीला सांगणं म्हणजे काही कोणाला सांगणं नव्हे.

गेल्या वर्षीची, गोवा राज्य झालं तेव्हाच्या श्रावणातली गोष्ट. डिचोलीत आमच्या घरांमागे जो डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर गवताचा लांब उतार आहे. श्रावणात मुलगे तिथे विऱ्यांवरून घसरायला जातात. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचं रुंद बूड. एकाने त्यात बसायचं, दुसऱ्याने शेंडा धरून ओढत पळायचं. त्या वर्षी पहिल्यांदाच मुलींना सोडलं, तेही एका अटीवर. गेल्या तेवढ्या सगळ्या हसत परत आल्या पाहिजेत. एकीचा पाय जरी मुरगळला, तरी पुढल्या वर्षीपासून बंद.

आम्ही आठजणी ठरलो होतो, म्हणून चार विऱ्या आणि पाववाल्या पोदेराकडून घेतलेल्या आठ पोया, म्हणजे कोंड्याचे गोल पाव. सकाळी सेजलला ताप भरला. उरलो सात.

डोंगराच्या पायथ्याशी राखणदाराचा दगड आहे; राखणदार म्हणजे डोंगर राखणारा देव, घोंगडी पांघरून, पेटती चूड घेऊन तो रात्री फिरतो म्हणतात. त्याला सांगितल्याशिवाय कोणी वर जात नाही. ते गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालायचा मान वाड्यावरच्या वडीलधाऱ्या रघुनाथआजोंचा. त्यांनी काठी टेकवली आणि नेमकं मलाच विचारलं, "कितलीं जाणां गो बाये?"

माझ्या हातात पोयांची पिशवी होती. तोंडातून निघून गेलं, "आठ."

"हे राखणदारा महाराजा," आजोंनी आवाज चढवला, "हीं आठ भुरगीं तुज्या माथ्यार खेळूंक येतात. आठूय जाणांक हासत खेळत परत घराक पावय रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्या ओरडल्या. मी ओरडले नाही. चुकलं हे कळलं होतं, पण चारचौघांत तोंड उघडणं मला जमत नाही. आणि एकदा घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही.

वाटेत मी भाग्यलक्ष्मीला सांगितलं. ती माझी चुलतबहीण, आमच्यातली सगळ्यांत मोठी. ती आधी पोट धरून हसली. "सातांचीं आठ केलींस? आता आठवें खंयचें हाडूं, बकरी?" मग वाटेतच थांबली. "आजो सांजे मोजून घेतात गो दीपा. कमी भरलीं जाल्यार आमचें खेळप सोंपलें."

पण वर पोचलो आणि सगळं विसरलो. गवत कमरेएवढं, त्यात तेरड्याची फुलं, आणि खालून धुकं वर येत होतं. गवत इतकं ओलं होतं की विरी नुसती टेकवली तरी निसटायची. एक जोडी किंचाळत गेली, मग दुसरी, मग तिसरी. खेळात जोड्या लावल्या की उरते ती मी. सवयच आहे. चौथी विरी घेऊन मी तिच्यात नुसती बसून राहिले.

तेवढ्यात विरी हलली.

धुक्यात मला फक्त पाठ दिसली. खांद्यावर काहीतरी जाड पांघरलेलं होतं. ओल्या घोंगडीचा वास आला, आणि त्यात जळक्या चुडीचा धूर. वाटलं, कोणीतरी पावसासाठी डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतली असेल. मग आम्ही सुटलो! वारा कानांत शिरला, फुलं तोंडावर आपटली, आणि मी हसले. मोठ्याने. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. खाली पोचलो की पुन्हा वर, पुन्हा खाली. किती वेळा, कोणास ठाऊक. पुढे पळणाऱ्याचं पाऊल मात्र एकदाही वाजलं नाही.

जेवायला बसलो तेव्हा भाग्यलक्ष्मी म्हणाली, "दीपा, तुजें हासप वयर मेरेन आयकूंक येतालें. तुका कोण ओडतालें गो?"

मी एकेकीकडे पाहिलं. एकेकीने नाही म्हणून मान हलवली.

"हांव न्हय..."

"हांवूय न्हय..."

सात मुली. आणि चार विऱ्या पळत होत्या.

गवत सळसळलं. कोणी हललं नाही. मग भाग्यलक्ष्मीने एक पोय उचलली, बाजूच्या खडकावर ठेवली आणि म्हणाली, "आठ सांगलीं न्ही? जालीं आठ. जेवा आता."

ती अशी म्हणाली की आधी एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांना. भीती होतीच, पण ती हसण्याच्या आत कुठेतरी बसून राहिली. आम्ही दिवे लागायच्या आधी उतरलो. मी सगळ्यांत शेवटी होते. मागे वळून पाहायचा धीर झाला नाही.

आजो राखणदाराच्या दगडापाशी गुळाचे खडे घेऊन उभे होते. एकेकीच्या हातावर खडा ठेवत मोजत होते. माझ्यापाशी आले. "सात."

आजोंनी माझ्या खांद्यावरून हात पुढे नेला, थोडा उंच. "आठ," ते म्हणाले, आणि हात रिकामा परत आला. "पावलीं सगळीं. फुडल्या वर्साय या गो बायांनो."

आम्ही घरापर्यंत नाचत गेलो.

ती विरी मी माळ्यावर ठेवली. वर्षभरात ती वाळून तपकिरी झाली, चिरली. फक्त शेंड्याकडे, जिथे धरून ओढलं होतं, तिथे एका मुठीएवढी जागा अजून हिरवीगार आहे. आत्ताच कंदील नेऊन पाहिली. ओली लागली.

उद्या पुन्हा जायचं आहे. यंदा सेजलही बरी आहे, म्हणजे आठ. आजो काठी टेकवून विचारतील, तेव्हा मी अजिबात लाजणार नाही, सगळ्यांच्या देखत मोठ्याने सांगणार आहे की आम्ही

"दीपा गो! विऱ्यो हाडल्यात, भायर यो बेगीन!"

आलें, आलें! भाग्यलक्ष्मी उद्याच्या विऱ्या घेऊन आली आहे. एवढं फक्त लिहून ठेवते: आम्ही नऊ.